हिरवी तार जाते कुठे?

मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी सेवा केंद्रात गेलात, तर खोली साधारण अशीच दिसते. कोपऱ्यात पत्र्याचा कूलर, त्याच्याखाली ओलसर फरशी, टेबलाखाली एक एक्स्टेंशन बोर्ड आणि त्या एकाच बोर्डावर संगणक, मॉनिटर, प्रिंटर, राउटर आणि कुणाचा तरी मोबाइल. सातबारा काढायला आलेला माणूस टेबलाशी वाकतो, त्याची मनगटाची बाजू सीपीयूच्या पत्र्याला लागते आणि तो दचकून मागे सरकतो. "हात नका लावू भाऊ, करंट मारते ते," खुर्चीतला मुलगा सांगतो. त्याच्या स्वतःच्या पायात रबरी चप्पल असते आणि पाय लाकडी पाटावर. त्याच्यापुरता प्रश्न सुटलेला असतो.

अशा खोल्यांमधून मी बरीच वर्षं फिरलो आहे. प्रत्येक ठिकाणी कारण विचारलं की उत्तर एकच मिळतं: "अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे." सरकारी कागदांत 'भूसंपर्कन' असा शब्द आहे, पण तो बोलण्यात कुणी वापरत नाही, अर्थिंग हाच आता मराठी शब्द. अडचण अशी की या एका शब्दाच्या पोटात बऱ्याच वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. संगणकातून नेहमीच झिरपणारा थोडासा करंट, प्लगपासून अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंतची हिरवी तार, तो खड्डा आणि त्यातली माती, आणि गावच्या डीपीवरचा, म्हणजे रोहित्रावरचा, न्यूट्रल. दोष यांपैकी एकात असतो आणि दुरुस्ती दुसऱ्यातच होते. पैसा बहुधा खड्ड्यावर जातो. बिघाड बहुधा तारेत असतो.

आधी झिणझिण्यांचं बघू, कारण लोकांना जाणवतं ते तेवढंच.

डेस्कटॉपच्या डब्यात मागच्या बाजूला एसएमपीएस असतो. तो २३० व्होल्टचा एसी दाब घेऊन ३.३, ५ आणि १२ व्होल्टचा डीसी देतो, आणि हे करताना सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. त्या चालू-बंद होण्याचा गोंगाट घरातल्या वायरिंगमध्ये शिरू नये म्हणून त्याच्या तोंडाशी एक फिल्टर बसवलेला असतो. या फिल्टरमध्ये दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून पत्र्यापर्यंत, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत. पत्रा तिसऱ्या पिनेमार्फत जमिनीला जोडलेला आहे, हे गृहीत धरूनच ही रचना केलेली आहे. तिसरी पिन रिकामी असली की पत्रा फेज आणि न्यूट्रल यांच्या मधोमध लोंबकळतो. त्यावर सुमारे ११५ व्होल्ट दिसतात, टेस्टर लुकलुकतो आणि हात लावणाऱ्याला मुंग्या येतात. संगणक बिघडलेला नसतो. अगदी कोरा करकरीत संगणक अर्थिंगशिवाय लावला तरी तो हेच करेल. हे दुकानदाराला ठाऊक नसलं की तो एसएमपीएस बदलून देतो, नव्यातही तेच होतं, आणि मग "ही कंपनीच खराब" असा निष्कर्ष निघतो.

हा करंट किती? फिल्टरमधला कपॅसिटर ४.७ नॅनोफॅरडचा धरला, तर २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झला त्यातून साधारण ०.३४ मिलिअँपिअर वाहतो, २.२ नॅनोफॅरडचा असेल तर ०.१६. माणसाला जाणवायला अर्धा मिलिअँपिअर लागतो असं सर्वसाधारणपणे मानतात, पण ओल्या हाताला, मनगटाच्या आतल्या पातळ कातडीला त्याहून कमीही कळतो. म्हणजे एका संगणकाची ही गळती जीव घेत नाही. "काही होत नाही, थोडंसंच हाय" हे बोलणं इथवर खरं आहे.

इथून पुढे मात्र नाही. संगणक वर्गात २० यंत्रं असतात. वायरमनने सगळ्या बोर्डांच्या अर्थ पिना हिरव्या तारेने एकमेकींना जोडलेल्या असतात, पण ती तार पुढे जमिनीपर्यंत गेलेलीच नसते. अशा वेळी २० यंत्रांची गळती एकत्र होते आणि ज्याचा हात लागेल त्याच्या अंगातून जाते. ०.३४ गुणिले २०, म्हणजे जवळजवळ ७ मिलिअँपिअर. १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. लहान मुलांसाठी ही मर्यादा आणखी खाली मानतात. एकट्या यंत्रावर ज्या झिणझिण्या हसण्यावारी जातात, त्याच वर्गात अशा धोकादायक होतात. अर्धवट केलेलं अर्थिंग हे अजिबात न केलेल्या अर्थिंगपेक्षा वाईट ठरू शकतं, हे त्यामुळे.

आणि याहून मोठी गोष्ट कूलरची आहे. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. पत्र्याचं अंग, आत पाणी, पाण्यात बुडालेला पंप, आणि त्या पंपाच्या वायरचं वर्ष-दोन वर्षांत ठिसूळ झालेलं आवरण. पंपाची फेज पत्र्याला टेकली की तो करंट तीन पिनांच्या प्लगमधून अर्थच्या पट्टीवर येतो. ती पट्टी जमिनीला जोडलेली असेल तर ठीक. नसेल, तर त्याच पट्टीवर लावलेल्या प्रत्येक वस्तूच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट चढतात. म्हणजे दोष कूलरचा, आणि धक्का बसतो सीपीयूला हात लावणाऱ्याला. हा करंट फिल्टरच्या कपॅसिटरमधून चाळून आलेला नसतो. त्याला मर्यादा फक्त माणसाच्या शरीराची आणि खालच्या फरशीची, आणि फरशी कूलरनेच ओली केलेली असते. रोज मुंग्या येतात म्हणून ज्यांनी काणाडोळा केला त्यांना त्या दिवशीचा फरक हात लावण्याआधी कळायचा कोणताच मार्ग नसतो. सीपीयूला येणाऱ्या झिणझिण्यांना मी म्हणूनच तक्रार म्हणत नाही, सूचना म्हणतो: या बोर्डाची हिरवी तार कुठेही जात नाही, एवढं त्या सांगतात.

ती का जात नाही, हे समजायला खोल्यांचा इतिहास बघावा लागतो. एमकेसीएलची स्थापना आणि तिच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाची सुरुवात २००१ सालची. त्यानंतर काही वर्षांतच पुसद, वणी, दारव्हा, दिग्रस, उमरखेड, पांढरकवडा अशा गावांत गल्लीच्या तोंडाशी संगणक वर्ग उघडले. २०११मध्ये संग्राम प्रकल्पातून ग्रामपंचायतींत संगणक आले, पुढे त्याचीच आपले सरकार सेवा केंद्रं झाली. संगणक नवे होते, खोल्या जुन्याच. कुणाच्या घराचा पुढचा भाग, जुनी शाळा, ग्रामपंचायतीचं सभागृह. त्यांचं वायरिंग एक बल्ब, एक पंखा आणि फार तर एक रेडिओ एवढ्या हिशोबाने लाकडी पट्टीवरून झालेलं. दोनच तारा: फेज आणि न्यूट्रल. संगणक आला तेव्हा दोन पिनांचं सॉकेट काढून तीन पिनांचं बसवलं गेलं, पण भिंतीतल्या तारा दोनच राहिल्या. वरचं मोठं छिद्र दिसतं, त्याच्या मागे काही नसतं.

या वरच्या छिद्राबद्दल थोडं. आपल्या तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थची पिन बाकी दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. लांब अशासाठी, की प्लग आत जाताना अर्थ सर्वांत आधी जोडला जावा आणि बाहेर काढताना सर्वांत शेवटी सुटावा. ज्याने हे ठरवलं त्याने माणसाच्या हाताचा विचार केला होता. आपल्याकडे ती पिन 'बसत नाही' म्हणून कापून टाकतात, नाहीतर दोन पिनांचा जोड लावून तिला हवेत ठेवतात. मला हे पाहून प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

खांबावरूनही बहुतेक घरांना दोनच तारा येतात. ग्राहकाच्या जागी अर्थचं टर्मिनल पुरवठादाराने द्यावं, ही तरतूद १९५६च्या भारतीय वीज नियमांत होती, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१०च्या सुरक्षा विनियमांतही ती आली. प्रत्यक्षात मीटरच्या पेटीजवळ असं टर्मिनल मी फार थोड्या गावांत पाहिलं आहे. मग ज्याने त्याने आपापला मार्ग काढला.

सर्वांत जुना मार्ग नळाचा. हिरवी तार नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळायची. पाइप जमिनीखालून दूरवर जात असे, त्यामुळे एके काळी हे चालून गेलं. आता अंगणापासून पुढे सगळी नळजोडणी प्लॅस्टिकची झाली. तार तिथेच गुंडाळलेली, पाइप तिथेच, फक्त मातीशी संबंध संपलेला. अशा घरात कुठेही फेज पत्र्याला टेकली तर न्हाणीतल्या नळावर करंट येतो. खिडकीच्या गजाला तार बांधण्याची तऱ्हाही अशीच. काही जण बोअरच्या लोखंडी केसिंगला तार जोडतात. केसिंग खोल ओलीत असल्यामुळे विजेच्या दृष्टीने ते बऱ्यापैकी काम करतं, पण तिथला क्लॅम्प एका पावसाळ्यात गंजतो आणि त्याच बोअरची मोटार जळली की तिचा करंट घरातल्या संगणकापर्यंत पोचतो.

दुसरा मार्ग याहून धोक्याचा, आणि दुर्दैवाने तो 'जाणकार' म्हणवणाऱ्यांचा. बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थच्या पिनांमध्ये तारेचा एक छोटा तुकडा टाकायचा. याला लूप मारणे म्हणतात. ताबडतोब टेस्टर विझतो, मुंग्या थांबतात, ग्राहक खूश. न्यूट्रल डीपीजवळ जमिनीला जोडलेलाच असतो, मग काय फरक पडतो, असं त्यामागचं तर्कशास्त्र. फरक पडतो तो न्यूट्रल सुटला की. खांबापासून घरापर्यंतच्या ॲल्युमिनियमच्या तारेचा सांधा वाऱ्याने, गंजाने, माकडांनी कधीही ढिला होतो. तो सुटल्याबरोबर पंखा बंद पडतो, दिवे जातात, लोकांना वाटतं लाइन गेली. पण फेज अजून येतेच आहे. ती पंख्याच्या वेटोळ्यातून न्यूट्रलच्या तारेवर येते आणि तिथून त्या तुकड्यावरून थेट संगणकाच्या पत्र्यावर. दिवे गेल्यावर माणूस काय करतो? यूपीएस पिरपिरत असतो, म्हणून तो बंद करायला वाकतो. मीटरवर काम करताना कुणी फेज-न्यूट्रलची अदलाबदल केली, तर एवढी वाटही पाहावी लागत नाही. पत्रा त्या क्षणापासून फेज होतो. कुठल्याही बोर्डात हा तुकडा सापडला तर तो त्याच दिवशी काढावा. मुंग्या परत येतील, पण त्या निदान खरं सांगतील.

आता खड्डा. यावर जिल्ह्यात सर्वांत जास्त बोललं जातं आणि इथेच यवतमाळचा स्वतःचा असा विषय सुरू होतो, कारण प्रश्न मातीचा आहे.

पद्धत सगळ्यांना माहीत आहे. खड्डा खणायचा, त्यात जस्ताच्या मुलाम्याचा पाइप किंवा तांब्याची पट्टी पुरायची, भोवती कोळसा आणि मिठाचे थर द्यायचे, वर सिमेंटची छोटी टाकी आणि पाणी ओतायला नरसाळं. अर्थिंगसाठी आयएस ३०४३ हे भारतीय मानक आहे. १९८७ची आवृत्ती बरीच वर्षं चालली, २०१८मध्ये ती सुधारली गेली. त्यात साध्या पाइपसाठी किमान ३८ मिलिमीटर व्यास आणि अडीच मीटर लांबी दिली आहे. गावात पाइप बहुतेकदा याच्या निम्माच जातो, कारण कुदळ मुरुमावर थांबते.

मातीचं गणित सोपं आहे. अडीच मीटरच्या पाइपचा रोध ओहममध्ये काढायचा तर मातीच्या रोधकतेला साधारण तिनाने भागायचं. मातीची रोधकता १० ओहम-मीटर असेल तर पाइपचा रोध साडेतीन ओहम, १०० असेल तर ३५ आणि १००० असेल तर ३५०. पाइप तोच, खर्च तोच, फरक नुसता मातीचा.

यवतमाळ जिल्ह्यात या तिन्ही तऱ्हा आहेत. वर्धा आणि पैनगंगा यांच्या काठाकाठाने काळी कपाशीची जमीन खोल आहे. यवतमाळ शहर पठारावर आहे. तिथे मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि त्याखाली काळा बेसाल्ट. पूर्वेला वणी, मारेगाव, झरी-जामणीकडे खडकच बदलतो: वाळूचा खडक, चुनखडी, कोळशाचे थर. यवतमाळच्या वायरमनने दिलेला सल्ला वणीत लागू पडेलच असं नाही, आणि पुसदचा यवतमाळात.

काळ्या मातीची एक गंमतीची, खरं तर महत्त्वाची गोष्ट आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. हल्ली 'केमिकल अर्थिंग' म्हणून ज्या पिशव्या विकल्या जातात, त्यातली मुख्य भर बेंटोनाइटची असते, आणि बेंटोनाइट म्हणजे मुख्यतः हेच खनिज. ओलं असताना ते फुगतं, पाइपला घट्ट चिकटतं आणि करंट उत्तम वाहून नेतं. म्हणजे खोल काळ्या मातीच्या गावात निसर्गाने केमिकल अर्थिंग फुकट दिलेलं आहे, पण पावसाळ्यापुरतं. एप्रिल आला की हीच माती आकसते. शेतात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या अंगणातही पडतात, आणि पाइपच्या भोवतालची माती पाइप सोडून मागे सरते. पाइप आणि माती यांच्यामध्ये हवा शिरते. ऑगस्टमध्ये तीन-चार ओहम दाखवणारा खड्डा मे महिन्यात किती तरी पट वर गेलेला असतो. कूलर मे महिन्यातच चालतो. ज्या दिवसांत अर्थिंगची गरज सर्वांत जास्त, त्याच दिवसांत यवतमाळची माती सर्वांत कमी साथ देते.

शेतकऱ्याला हे शाळेत न जाताही ठाऊक आहे. मोटारीच्या स्टार्टरजवळच्या अर्थच्या खुंटीवर तो बादलीभर पाणी ओततो. सेवा केंद्राच्या मागच्या खड्ड्यावर कोण ओतणार? २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणं आटल्यावर यवतमाळ शहराला प्यायचं पाणीच मिळेनासं झालं होतं. अशा उन्हाळ्यात खड्ड्याला पाणी घाला असं सांगायला तोंड धजत नाही. मीठही दुधारी आहे. ते रोध खाली आणतं, पण लोखंडाला खातं. पाच-सहा वर्षांनी खड्डा उकरला तर पाइपऐवजी गंजाची साल हाती येते, आणि वरून सगळं जागच्या जागी दिसतं.

मग वायरमन येतो आणि बल्ब लावून बघतो. होल्डरची एक तार फेजला, दुसरी अर्थला. शंभराचा बल्ब लख्ख पेटला की "अर्थिंग एक नंबर". या चाचणीवर जिल्ह्याचा पूर्ण विश्वास आहे, आणि ती फसवी आहे, हे मला इथे ठासून सांगायचं आहे. शंभर वॉटच्या पेटलेल्या बल्बचा स्वतःचा रोध ५२९ ओहम असतो. खड्ड्याचा रोध ५० ओहम असला, म्हणजे अगदी वाईट असला, तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि डोळ्याला तो पूर्णच पेटलेला दिसतो. पण उद्या फेज पत्र्याला टेकली, तर त्या ५० ओहममधून फार तर ४.६ अँपिअर वाहतील. भिंतीवरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, १६ अँपिअरचा. तो ४.६ला कधीच पडणार नाही. पत्र्यावर जवळजवळ पूर्ण दाब तसाच राहील आणि खड्ड्यात साधारण एक किलोवॉट उष्णता ओतली जाईल, जिने भोवतालची उरलीसुरली ओलही सुकेल. एमसीबी तत्काळ पडायला, त्याच्या प्रकारानुसार, त्याच्या आकड्याच्या तीन ते दहा पट करंट लागतो. त्यासाठी सगळ्या वाटेचा रोध तीन ओहमच्या आत, कधी दीडच्याही आत हवा. घरच्या एका खड्ड्याने, तोही मे महिन्यात, हे होणार नाही. आणि जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये 'उडू नये म्हणून' जाड तार भरलेली असेल तर आशाच सोडावी.

बल्बच्या चाचणीत आणखी एक काटा आहे. हिरवी तार मध्येच तुटलेली असेल तर बल्ब पेटत नाही, पण तेवढा वेळ त्या तारेवरच्या सगळ्या वस्तूंच्या अंगावर बल्बमार्गे फेज जाते. शेजारच्या खोलीत कुणी कूलरला हात लावून उभं असेल, तर चाचणीच अपघात ठरते.

यातून बाहेर पडायची वाट आहे आणि ती खड्ड्याहून साधी आहे. आरसीसीबी. हे यंत्र फेजने किती करंट गेला आणि न्यूट्रलने किती परत आला यांची सतत तुलना करतं. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या छोट्या अंशात पुरवठा तोडतं. त्याला दीड ओहमचा खड्डा लागत नाही. पत्र्यावरचा दाब ५० व्होल्टच्या वर टिकू न देण्यासाठी ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला १६०० ओहमचा खड्डाही गणिताने पुरतो. वर म्हटलेला ३५० ओहमचा, वाळलेला, मुरुमातला खड्डासुद्धा बिघाडाच्या वेळी अर्ध्या अँपिअरहून जास्त करंट वाहू देईल, आणि आरसीसीबीला त्याच्या विसाव्या हिश्शात कळतं. ज्या जिल्ह्यात माती आठ महिने कोरडी आणि खाली खडक, तिथे खड्ड्यामागे न लागता आधी आरसीसीबी बसवावा आणि मग प्लगपासून खड्ड्यापर्यंतची तार अखंड करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. खड्डा निकामी करण्याचा सल्ला मी देत नाही. पण पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील तर ती कोणती, हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो, आणि त्याचं उत्तर हे आहे.

आरसीसीबीविरुद्ध तक्रार एकच ऐकू येते: "तो सारखा पडतो." पडतो, कारण कुठेतरी कुणीतरी अर्थला न्यूट्रल म्हणून वापरलेलं असतं, किंवा बोर्डातला तो लूपचा तुकडा अजून तिथेच असतो. तेव्हा वायरमन तुकडा शोधायचं सोडून आरसीसीबीच काढतो. मोठ्या वर्गात दुसरंही कारण असतं. चाळीस संगणकांची रोजची गळती एकाच आरसीसीबीवर आली तर तो काठावरच उभा राहतो. दहा-दहा यंत्रांचे गट करून वेगळे आरसीसीबी लावले की हे थांबतं. संगणकासाठी 'ए' प्रकारचा घ्यावा, कारण एसएमपीएसमधल्या बिघाडाचा करंट नेहमी साधा एसी नसतो. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबावं, पण ते दाबल्यावर तो पडला म्हणजे अर्थिंग चांगलं आहे असं समजू नये. ते बटण अर्थ नसतानाही काम करतं. आणि आरसीसीबी जादा लोड ओळखत नाही, त्यामुळे एमसीबी त्याच्यासोबत हवाच.

जनरेटरवर चालणाऱ्या वर्गांत मात्र हे सगळं कोलमडतं. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बहुधा कशालाच जोडलेला नसतो, त्यामुळे आरसीसीबीला फरक कळतच नाही. ती जोडणी परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावी.

संगणक हँग होतो, आपोआप पुन्हा सुरू होतो, विंडोज उडते, याचं खापरही अर्थिंगवर फोडतात. माझ्या अनुभवात ते क्वचितच खरं असतं. कमी-जास्त होणारा दाब, उन्हात फुगलेले एसएमपीएसमधले कपॅसिटर, कापसाच्या हंगामात पंख्यात बसलेली तंतूंची गादी, ही कारणं आधी तपासावीत. स्पीकरमधली घूं घूं मात्र अर्थिंगचीच असू शकते: संगणक एका बोर्डावर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या खोलीतून, दोघांचे अर्थ वेगवेगळे आणि मध्ये ऑडिओची तार. दोन्ही एका बोर्डावर आणले की आवाज बहुधा जातो. शाळेत प्रोजेक्टर आणि साउंड जोडताना पोर्ट जळतो तोही अर्थिंगमुळेच. ऑडिओच्या पिनेचं टोक कवचाआधी टेकतं, आणि अर्थ नसलेल्या संगणकाचे ते ११५ व्होल्ट पहिल्यांदा नाजूक भागातून वाट काढतात. बंद करून, प्लग काढून, मग तारा जोडाव्यात.

विजांचा विषय वेगळा आहे. जूनच्या पहिल्या वादळात तालुक्याच्या गावी मदरबोर्ड आणि राउटरची रांग लागते. वीज घरावर पडायला नको, लाइनजवळ पडली तरी पुरते. लोक म्हणतात, "स्पाइक गार्ड होता, तरी जळला." स्पाइक गार्डमध्ये जे घटक असतात त्यातले काही फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये असतात, तर काही या दोघांकडून अर्थकडे. अर्थच नसेल तर दुसऱ्या गटाला करंट टाकायला जागाच नाही. शिवाय वीज केवळ बोर्डातून येत नाही. केबल टीव्हीच्या तारेतून येते, शेजारच्या इमारतीत ओढलेल्या लॅनच्या तारेतून येते. दोन इमारतींच्या मातीचा दाब त्या क्षणी हजारो व्होल्टने वेगळा असतो आणि त्यांना जोडणारी तांब्याची तार तो फरक मिटवायचा प्रयत्न करते. इमारतींमध्ये फायबर टाकावं. काचेतून करंट जात नाही, फक्त फायबरसोबत आधाराची लोखंडी तार असेल तर ती आत आणू नये. ढग गडगडू लागले की प्लग काढणं, हा आजही सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

राहता राहिला डीपी. त्याच्या खाली उतरणारी अर्थची पट्टी गंजलेली किंवा तुटलेली दिसली, सगळ्या गल्लीत दिवे अचानक प्रखर झाले किंवा काही घरांत प्रखर आणि काहींत मंद झाले, तर न्यूट्रल सुटलेला आहे. त्या वेळी एखाद्या घरात २३०च्या जागी ४००च्या जवळ दाब जाऊ शकतो. मेन बंद करावा आणि महावितरणला १९१२वर कळवावं. डीपीला स्वतः हात लावण्याचं काम कुणाचंही नाही.

आणि आपल्या खोलीत काय बघायचं? मल्टिमीटर आता मोबाइलच्या दुकानातही मिळतो. सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास यायला हवं, फेज-अर्थही तेवढंच. फेज-अर्थमध्ये शंभर-सव्वाशे किंवा सारखा हलणारा आकडा आला तर हिरवी तार कुठेच जात नाही. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपर्यंत आले तर चांगलं. खोलीतला कूलर, पंखे आणि सगळे संगणक चालू असूनही तिथे नेमका शून्य आला, तर त्या शून्यावर शंका घ्यावी; बोर्ड उघडायला लावून आत लूपचा तुकडा आहे का ते पाहावं. खड्ड्याचा रोध मोजायला अर्थ टेस्टर लागतो आणि तो परवानाधारक ठेकेदाराकडे असतो. त्याला बोलावताना एवढंच सांगावं, की मोजणी ऑगस्टमध्ये नको. अंगणात भेगा पडलेल्या असताना, मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ये, खड्ड्यावर पाणी न ओतता मोज, आणि आलेला आकडा तारखेसकट मीटरच्या पेटीच्या झाकणाला आतून लिहून ठेव.